ताकातले थेंब

यंत्राला शून्य लागतं, असं ती केतकी म्हणाली तेव्हा मी काउंटरवर गोळ्यांच्या पट्ट्या कापत होते. कात्री हातातच राहिली.

केतकी म्हणजे कंपनीने पुण्याहून पाठवलेली इंजिनिअर. पंचविशीतली पोरगी, बार्शीच्या उन्हाने लालबुंद झालेली. तिने आणलेलं यंत्र मिक्सरच्या खोक्याएवढं होतं आणि ते आमच्या ओपीडीत, वजनकाट्याच्या शेजारी, टेबलावर बसवलं होतं.

"सर, प्रत्येक गावचं पाणी वेगळं," ती आमच्या डॉक्टरांना सांगत होती. "तुमच्याकडे बोअरचं जड पाणी, त्यातले क्षार केसात बसतात. वर तेल, साबण. म्हणून यंत्राला आधी इथलाच एक केस दाखवायचा. मनाच्या आजाराचं एकही औषध ज्याने कधी घेतलेलं नाही, असा. त्यात जे काही सापडेल ते यंत्र 'काही नाही' असं धरतं आणि पुढे प्रत्येक पेशंटच्या केसातून तेवढं वजा करतं. पाच-सहा माणसांचे घेतले तर उत्तम."

पाच-सहा माणसं आमच्या इस्पितळात होती कुठे? सिस्टरच्या केसांना मेंदी. वॉचमन मामांना फिटच्या गोळ्या. माझे केस दर महिन्याला काळे करते ते सगळ्या गावाला माहीत, फक्त मला वाटतं की कुणाला माहीत नाही. डॉक्टर मोठ्याने हसले आणि त्यांनी केतकीपुढे डोकं वाकवलं.

"घ्या. या इमारतीत औषध न घेणारा एकच माणूस उरलाय. माझेच पाच घ्या."

"पाच माणसं म्हणाले मी, सर."

"डोकं एक असलं म्हणून काय झालं, केस पाच आहेत ना!"

सगळे हसले. मीही हसले. त्या डोक्यातल्या प्रत्येक केसात काय आहे ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस कात्री धरून हसत होता.

डॉ. संगमेश उंबरजे माझे यजमान. मी महानंदा. बारावी नापास. पण बावीस वर्षं औषधाच्या काउंटरवर उभी आहे आणि डब्यात घडी घालून येणारी ती बारीक अक्षरांची चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी बार्शीत मी एकटीच असेन. डॉक्टर लोकही वाचत नाहीत. त्यांना वाटतं, ती आपल्याला येते.

यंत्राचं कागदावरचं नाव केशवाचक. आम्ही त्याला न्हावी म्हणायला लागलो. काम तसं सोपं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. वाढताना मुळाशी रक्तात जे काही असेल त्याचा कण केसात अडकतो आणि तिथेच राहतो. म्हणजे टाळूला चिकटलेलं पहिलं सेंटीमीटर हा गेला महिना, त्यापुढचं त्याच्या आधीचा. बाईची लांब वेणी असेल तर पाच-सहा वर्षांची रोजनिशीच पाठीवर लोंबत असते. न्हाव्याच्या आत एक बारीक किरण केसावरून मुळाकडून टोकाकडे सरकतो, आणि बाहेर कागदाची पट्टी येते. वर महिने, खाली रंगीत डाग. कुठलं औषध, किती, कधी थांबलं, कधी पुन्हा सुरू झालं.

डॉक्टरांना हे यंत्र का हवं होतं, ते मानसोपचाराच्या ओपीडीत एक दिवस बसलेल्या कुणालाही कळेल. "गोळ्या घेतो ना रोज?" "घेतो की डॉक्टर." इथे निम्मे खोटं बोलतात. भीतीने, लाजेने, किंवा डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून. डॉक्टर समजतात की औषध लागू पडत नाही, म्हणून मात्रा वाढवतात. कधी घरच्यांनी एकदम सगळं घ्यायला लावलं तर पेशंट आडवा होतो. हे आमच्या डॉक्टरांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की न्हावी आला त्या दिवशी त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. ते देवालासुद्धा वाहत नाहीत.

आणि आमच्याकडची आणखी एक रीत होती. औषध घ्यायलाच तयार नसलेल्या पेशंटच्या घरच्यांना डॉक्टर एक छोटी बाटली लिहून द्यायचे. रंग नाही, वास नाही, चव नाही. ती देताना काउंटरवर समजावून सांगायचं काम माझं. "ताई, चहात घालायचं नाही. चहात निकामी होतं. दुधात, ताकात, साध्या पाण्यात. सहा थेंब. समोर मोजायचे नाहीत." किती बायकांना, आयांना, भावांना मी हे सांगितलं असेल. सांगताना आवाज कसा खाली आणायचा ते मला पाठ झालं होतं.

मग सहा वर्षांपूर्वी मी ते स्वतःला सांगितलं.

डॉक्टरांचा एक पेशंट होता, कॉलेजात शिकवणारा. "तू आता बरा आहेस," असं सांगून ह्यांनी त्याला सोमवारी घरी पाठवला आणि मंगळवारी त्याने जीव दिला. त्यानंतर ह्यांची झोप गेली. पंधरा दिवसांनी बोलणं वाढलं. महिन्याने ह्यांनी ऐन मे महिन्यात ओपीडीतले सगळे पंखे उतरवले. पेशंट खोलीत जे बोलतात ते पंख्यातून बाहेर जातं, म्हणून तो पोरगा गेला, असं ह्यांचं म्हणणं. लोकांना मी सांगितलं, वायरिंगचं काम चालू आहे. बेचाळीस अंशांत लोक पुठ्ठ्याने वारा घेत बसले आणि डॉक्टर घामाने निथळत चौदा-चौदा पानांच्या चिठ्ठ्या लिहीत राहिले. त्या चिठ्ठ्या मी काउंटरवर बदलायचे.

"कुणाला तरी दाखवू या," मी एकदा म्हणाले.

"कुणाला? या गावात मानसोपचाराचा डॉक्टर कोण आहे?"

"तुम्ही."

"मग दाखवलं की मला. मी ठीक आहे."

सोलापूरला न्यावं, तर बातमी वैद्यक परिषदेपर्यंत जाणार, नोंदणी थांबणार, इस्पितळ बंद होणार, असं मला वाटलं. खरं होतं की नव्हतं ते मी कुणाला विचारलं नाही. ह्यांना दुपारी जेवताना ताक लागतं, आलं आणि जिरं घातलेलं. मी त्यात सहा थेंब घातले. तीन आठवड्यांनी हे नऊ तास झोपले. दोन महिन्यांनी स्वतःच म्हणाले, "नंदा, पंखे लावून घेऊ या. उकडतंय."

मी काय करायला हवं होतं, हे आता मला सगळे सांगतात. तेव्हा माझ्यापुढे शहाणा झालेला नवरा जेवत होता.

तिसऱ्या वर्षी मी बारा दिवस थेंब थांबवले होते. तेराव्या दिवशी जेवताना हे मान वर करून पंख्याकडे बघत राहिले. कदाचित त्यावर कोळिष्टक असेल. मी उठले आणि ताक नव्याने घुसळून आणलं.

तर केतकीने ते पाच केस यंत्राला दाखवले, आणि मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते. मला सुटल्यासारखं वाटलं. ह्यांच्या केसात जे आहे ते न्हाव्याने 'काही नाही' म्हणून धरलं होतं. म्हणजे आता उद्या कुणी गंमत म्हणून ह्यांचा केस तपासला तरी पट्टी कोरीच येणार. यंत्रानेच माझं पाप पुसून दिलं, वर गॅरंटीसकट.

पहिला महिना न्हाव्याने घरं फोडण्यात घालवला.

केस ज्याचा, त्याला पट्टी दाखवायचीच, असा नियमच होता. शाळेत शिकवणाऱ्या एक सविता कुलथे म्हणून बाई वर्षातून एकदा झोपेच्या तक्रारीसाठी यायच्या. त्यांच्या वेणीत मुळापासून टोकापर्यंत एकच पिवळा डाग निघाला. त्यांनी कधी न घेतलेल्या गोळीचा. यजमान शेजारीच बसले होते, त्यांचा चेहरा बघून बाईंना विचारावं लागलं नाही.

"कशात?" एवढंच त्या म्हणाल्या.

"शिऱ्यात," यजमान म्हणाले. "कुटून. नऊ वर्षं झाली. सवू, तू तेव्हा विहिरीवर जाऊन बसायचीस गं..."

"आणि हे तुम्हाला सुचलं?"

यजमानांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. "मी सांगितलं होतं, बाई. माझं चुकलं."

सविताबाई हसल्या, फार वाईट हसल्या. "मला वाटायचं, मी ध्यान करते म्हणून बरी झाले. दर गुरुवारी इतर बायकांना शिकवते हो मी ध्यान. आता त्यांना काय शिकवू? शिरा?"

त्या दुपारी हे जेवायला बसले आणि किती तरी वेळ भाकरीला हात लावला नाही.

"ते आता बंद, नंदा. कुणालाही लपवून द्यायला सांगायचं नाही. बाटली द्यायची ती पेशंटच्या हातात. मी वीस वर्षं लोकांना काय करायला लावलं? रोज समोर बसायचं, वाढायचं, 'घ्या ना अजून' म्हणायचं, आणि..." त्यांनी पेला उचलला आणि ताक पिऊन टाकलं. "आज आलं जास्त झालंय."

"हो," मी म्हणाले.

दुसऱ्या महिन्यात दस्तगीर तांबोळी आला. मारवाडी गल्लीत त्याचं शिलाईचं दुकान, डॉक्टरांचे कोट तोच शिवतो. अकरा वर्षं आमचा पेशंट. ते बिनचवीचे सहा थेंब तो रोज सकाळी दुधातून घ्यायचा, स्वतःच्या हाताने, राजीखुशीने. त्याची बाटली कधी संपते हे मला तारखेसकट पाठ.

त्याची पट्टी कोरी निघाली.

"दस्तगीर, थेंब सोडलेस?"

"नाही हो डॉक्टर."

"चार महिन्यांत एक डाग नाही."

"अल्लाची शपथ, घेतो. मुमताजला विचारा."

डॉक्टरांनी मान हलवली, रागाने नव्हे, दुःखाने. यंत्राला खोटं बोलायचं काय कारण? त्यांनी बारा थेंब केले आणि मुमताजला बजावलं, समोर उभी राहून घ्यायला लाव. तिने लावले. पुढच्या महिन्यात पट्टीवर एक फिकट डाग आला. डॉक्टर म्हणाले, "बघ, आता निम्मे तरी घ्यायला लागलास." आणि अठरा केले.

अठरा थेंबांवर दस्तगीर लाकडासारखा झाला. मान वळेना, पापणी हलेना, पाऊल घसटत टाकायला लागला. औषध पोटात जात नाही म्हणून आजारच वर आलाय, असं डॉक्टरांनी धरलं. सुईत दोरा ओवताना हात असा थरथरायचा की मुमताज सकाळीच वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. मी काउंटरवरून बघत होते. दस्तगीर बाकावर बसून बायकोला हळूच विचारत होता, "मुमताज, मी खरंच पितो ना गं? का मला नुसतं वाटतं की पितो?"

"पिताय. मी बघते ना रोज."

"मग यंत्र कसं नाही म्हणतं? माझंच काही तरी फिरलं असंल. तसंच असंल."

मनाच्या आजारातून अकरा वर्षं सांभाळून उभ्या राहिलेल्या माणसाला यंत्राने आणि आम्ही मिळून पुन्हा स्वतःवर संशय घ्यायला शिकवलं होतं.

त्या दुपारी मी बाटल्यांच्या नोंदी काढल्या. दस्तगीर एकटा नव्हता. ते थेंब घेणारे सतरा पेशंट, आणि सतराच्या सतरांच्या पट्ट्या कोऱ्या किंवा फिकट. दुसरी औषधं घेणाऱ्यांच्या पट्ट्या मात्र बरोबर. मी बारावी नापास असले तरी बाजारपेठेच्या गावात वाढलेय. तराजूचा पासंग मला कळतो. एका पारड्याखाली कुणी तरी आधीच सहा थेंबांचं वजन चिकटवून ठेवलं होतं, त्यामुळे सहा थेंब घेणारा प्रत्येक जण त्या तराजूवर खोटारडा ठरत होता. वजन चिकटवणारी मी.

मी आधी काय केलं, तर तेच, जे मला येतं. लपवालपवी. मुमताजला बाजूला घेऊन म्हणाले, "सहाच घाल. कुणाला बोलू नकोस." ज्यांचे थेंब वाढले होते अशा आणखी दहा-बारा घरी फोन करून तेच म्हणाले. मग केतकीला फोन लावला.

"शून्य बदलता येतं का गं?"

"येतं ना, मॅडम. पण जुन्या शून्याचे केस आधी नव्या केसांशी ताडून बघावे लागतात. त्याचा अहवाल सरांच्या नावाने निघतो, एक प्रत परिषदेला जाते. का हो, काही गडबड आहे?"

"नाही, सहज विचारलं," मी म्हणाले. पोरगी हुशार होती, गप्प राहिली.

पुढच्या फेरीत सतराही जणांचा शेवटचा महिना पुन्हा कोरा. माझ्याच सांगण्यावरून. आता मात्र डॉक्टर खचले.

"सतरा माणसं, नंदा. दहा-दहा वर्षांची ओळख. आणि सगळी माझ्या तोंडावर खोटं बोलतात. काय चुकलं माझं?" मग चष्मा पुसत म्हणाले, "गुरुवारी सगळ्यांना बोलावलंय. थेंब बंद. महिनाभर पुरणारं इंजेक्शन देऊन टाकू, म्हणजे कुणावर खोटं बोलायची वेळच येणार नाही."

थेंब मला कमी करता आले असते. एकदा दंडात गेलेलं इंजेक्शन महिनाभर कुणाला बाहेर काढता येत नाही. आणि ज्या मात्रेचं इंजेक्शन हे लिहिणार होते, ती त्या खोट्या शून्यावरून काढलेली. अठरा थेंबांनी दस्तगीरच्या मानेचं, हातांचं लाकूड केलं होतं. गुरुवारनंतर त्याचा श्वास तरी नीट चालेल की नाही, हे त्या बारीक अक्षरांच्या चिठ्ठीत शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलेलं आहे.

बुधवारी शेवटचा पेशंट गेल्यावर मी ओपीडीत गेले. टेबलापलीकडे दोन खुर्च्या असतात, एक पेशंटची, एक नातेवाइकाची. मी नातेवाइकाच्या खुर्चीत बसले.

"काय गं?" ते हसत म्हणाले. "पेशंट कुठाय?"

"समोर."

"म्हणजे?"

"तुमच्या केसात ते थेंब आहेत. न्हाव्याचं शून्य खोटं आहे. ते सतरा जण खरं बोलताहेत."

मला वाटलं होतं, ओरडतील, फाइल फेकतील. त्यांनी कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. वीस वर्षांची सवय. समोर नातेवाईक रडायच्या बेतात असला की हे कागद ओढतात.

"मात्रा?"

"सहा थेंब."

"कधी?"

"दुपारी. ताकातून."

"कधीपासून?"

"पंखे उतरवलेत त्या वर्षीच्या जूनपासून."

पेन थांबलं. पुन्हा चाललं. "मध्ये खंड?"

"एकदा. बारा दिवस."

"दुष्परिणाम काय पाहिलेस?"

"वजन वाढलं. अकरा किलो. डाव्या हाताला कंप आहे थोडा. तुम्ही म्हणता वयाचा, पण तो वयाचा नाही. तुम्ही गाणं ऐकायचं सोडलंत. आणि अव्वा गेल्या तेव्हा तुम्हाला रडू आलं नाही. तुम्ही मला म्हणालात, नंदा, मी दगड झालो की काय. मी म्हणाले, पुरुषांचं असंच असतं."

त्यांनी चष्मा काढला. दोन वर्षं हे त्या गोष्टीचा बोल स्वतःला लावत होते. आईच्या तिसऱ्या दिवशी न रडता जेवल्याबद्दल. अधूनमधून विषय काढायचे, आणि मी भाजी निवडत ऐकायचे.

"मला आत्ता राग यायला हवा," ते म्हणाले. "येतोय असं वाटतं. पण पुरता येत नाही. काचेपलीकडे कुणी तरी रागावलंय आणि मी बघतोय, असं. हे तुझे थेंब का? उद्या थेंब थांबवले आणि राग पुरता आला, तर तो राग की आजार? कोण ठरवणार? तू?"

"मला माहीत नाही."

"मलाही नाही. आणि मी त्यातला तज्ज्ञ." ते कागदाकडे बघून म्हणाले, "नाव काय लिहू वर?"

त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. वय, एकोणसाठ. माहिती देणाऱ्याचं नाव, महानंदा. नातं, पत्नी. माहिती विश्वासार्ह आहे का, असा एक रकाना असतो आमच्या कागदावर. तो त्यांनी मोकळा सोडला.

गुरुवारी इंजेक्शन कुणालाही मिळालं नाही. सतरा जण बाकांवर बसलेले, आणि डॉक्टरांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "तुम्ही खरे होतात. यंत्र खोटं नव्हतं, मी त्याला खोटं शून्य दिलं. मी स्वतः औषधावर होतो आणि ते मला ठाऊक नव्हतं." माझं नाव घेतलं नाही. न घेता सगळ्यांना कळलं, कारण बार्शी आहे ही, आणि डॉक्टरांना जेवायला कोण वाढतं हे काय सांगावं लागतं?

मुमताज काउंटरपाशी आली. "वैनी, तुमच्या घरातलं दुखणं, आणि हात आमच्या माणसाचे गेले."

"येतील गं परत. आणखी तीन-चार आठवड्यांत पुरते मोकळे होतील."

"ते होतील. पण आता मी सांगितलं की तुम्ही रोज पिता, तर ते ऐकतात का बघा. माझ्यावरचाबी विश्वास उडालाय त्यांचा. त्याला कुठले थेंब हायत?"

तिने बाटली घेतली नाही. चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दुकानात गेली. बरोबर केलं.

केतकी आली, गावातल्या सहा अनोळखी माणसांचे केस घेऊन नवं शून्य लावलं. ह्यांचे केस आखूड, पट्टीवर चारच महिने निघाले. चार सारखे निळे डाग, एका रांगेत, कुठेही चुकलेले नाहीत. "इतकं नियमित औषध घेतलेला पेशंट आम्ही अजून पाहिला नव्हता," केतकी बोलून गेली आणि मग जीभ चावली. हे मात्र हसले.

परिषदेची चौकशी लागली. इस्पितळ बंद. मला काउंटरवर उभं राहायला मनाई, आणि तीही बरोबरच. ह्यांनी सोलापूरला डॉ. फरहाना नदाफांकडे स्वतःला दाखल करून घेतलं. फरहाना ह्यांच्याच हाताखाली शिकलेली, आता तिथली मोठी डॉक्टर. ठरलं असं, की थेंब दर आठवड्याला एकेक कमी करायचा, तिच्या नजरेखाली, आणि बघायचं काय शिल्लक राहतं. आजार असेल तर उघड, स्वतःच्या हाताने औषध घ्यायचं. नसेल तर सहा वर्षांतली किती वर्षं फुकट गेली त्याचा विचार करायचा.

"तुम्हालाच त्यांचं पहिलं दुखणं माहीत आहे, वैनी," फरहाना म्हणाली. "आधी कसं सुरू झालं होतं, चढ कसा होता. रोज ते तुम्हाला फोन करतील. तुम्ही मला सांगायचं. काही वेगळं वाटलं तर लगेच."

म्हणजे पुन्हा मीच. मापाच्या बाटलीऐवजी आता कान.

पहिले तीन आठवडे फोन साधे असायचे. जेवलो, चाललो, झोप सहा तास. चौथ्या आठवड्यात, दोन थेंबांवर, एका सकाळी फोन आला आणि हे ओरडायला लागले. छत्तीस वर्षांच्या संसारात मी हा आवाज ऐकला नव्हता. अव्वांबद्दल ओरडले. रोज दुपारी पानापाशी बसून "आलं जास्त झालंय का?" विचारण्याबद्दल ओरडले. शून्य घेतलं तेव्हा मी हसले होते, ते ह्यांना आठवलं होतं, त्याबद्दल सगळ्यांत जास्त. "एक शब्द बोलली असतीस, एकच! दस्तगीर स्वतःला वेडा समजायला लागला, नंदा!" मग आवाज एकदम खाली आला. "आणि तू अजून तेच करतेस. फरहाना तुला फोन करते ना? माझ्या पाठीमागे बोलता ना दोघी माझ्याबद्दल?"

सहा वर्षांपूर्वीही सुरुवात अशीच झाली होती. पाठीमागे कोण काय बोलतं, तिथूनच. आणि या वेळी ते जे म्हणत होते त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

"हो," मी म्हणाले. "बोलतो."

फोन बंद झाला.

अकरा वाजता फरहानाचा आला. "काय वैनी, आज काही वेगळं?"

मी ओट्याला टेकून उभी होते. नाही म्हणाले असते तर तो त्यांचा राग राहिला असता, त्यांच्या हक्काचा, सहा वर्षांची थकबाकी. हो म्हणाले असते तर एक लक्षण झालं असतं, आणि उद्या सकाळी पेल्यात थेंब वाढले असते. दोन्ही वेळा ठरवणार मी, आणि ह्यांना पत्ता नाही.

"वीस मिनिटं रागावले," मी म्हणाले. "आपण पाठीमागे बोलतो का, असं विचारत होते. कारणं सगळी खरी आहेत. तरी लिहून घ्या."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला ओळखता येत नाही, डॉक्टर. खरंच येत नाही. हेही लिहून घ्या."

फोन ठेवला आणि लगेच ह्यांना लावला. चार वेळा वाजून बंद झाला. पाचव्यांदा उचलला गेला. मी फरहानाला काय सांगितलं ते शब्दाला शब्द सांगितलं. तिने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, मला ओळखता येत नाही म्हणाले तेही. इथून पुढे रोज असंच सांगेन, आधी तिला की आधी तुम्हाला ते तुम्ही ठरवा, असं म्हणाले आणि थांबले.

"बावीस मिनिटं होती," ते म्हणाले. "मी घड्याळ बघत होतो. नीट नोंदवायला सांग तिला."